मांगं उभं राहणाऱ्यांसाठी: मोठ्या बचावपटूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषद शाळेमागचं मैदान संध्याकाळी पाचला भरतं. दिवसभर मी बियाणं-खताच्या दुकानात असतो, संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. स्वतः पंधरा वर्षं राइट बॅक खेळलो, पण तालुक्याच्या शिवेबाहेर माझं नाव गेलं नाही. पोट्टे, पोट्ट्या आणि त्यांचे मायबाप दरवर्षी तेच ते विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जवळजवळ सगळे प्रश्न मागच्या फळीचे आहेत. पुढे खेळणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत, त्याला फक्त बॉल पाहिजे असतो.

"काकाजी, मले मांगंच काऊन ठेवता?"

खरं सांगतो. गावात बॅक कोणाला करतात? जो जाड आहे त्याला, ज्याला ड्रिबल जमत नाही त्याला, नाहीतर नवीन आलेल्याला. मलाही तसंच केलं होतं. पण मी स्वतः ज्याला मागे ठेवतो त्याच्यात एक गोष्ट बघतो: बॉल दुसरीकडे असताना ह्याचे डोळे कुठे असतात?

माझा बाप जागलीला जायचा. तुरीच्या वावरात मचाण, हातात बॅटरी, शेजारी वाजवायला तेलाचा रिकामा डबा. रानडुकरं कोणत्या धुऱ्याकडून येतील, रोही नाल्याच्या अंगानं शिरतील की बंधाऱ्याकडून, हे त्याला अंधारात कळायचं. डबा तो रात्रभर बडवत बसायचा नाही, एकदाच वाजवायचा. सकाळी वावर जसंच्या तसं असलं की आई म्हणायची, "रातभर झोपलेच असान." मागे खेळणाऱ्याची कमाई अशीच असते, दिसत नाही.

आणि मोठेमोठे लोकही काही जन्मतः बॅक नव्हते. स्पेनचा कार्लेस पुयोल कातालोनियातल्या डोंगराकडच्या ला पोब्ला दे सेगुर नावाच्या छोट्या गावातला. तो आधी गोलकीपर होता, मग फॉरवर्ड, आणि फिरत फिरत मागे आला. बार्सिलोनासाठी 593 सामने खेळला. हॉलंडचा व्हर्जिल व्हॅन डाइक पोरवयात बुटका होता, ब्रेडा शहरातल्या एका हॉटेलात भांडी घासायचा. सतराव्या वर्षाच्या आसपास त्याची उंची ताडासारखी वाढली आणि मग लोकांना तो दिसला. ब्राझीलच्या काफूला तर किती क्लबांनी चाचणीतूनच परत पाठवलं. तोच पुढे 1994, 1998 आणि 2002 असे सलग तीन वर्ल्ड कपचे अंतिम सामने खेळला. हे दुसऱ्या कोणत्याच खेळाडूला जमलेलं नाही.

स्टॉपरला, म्हणजे मागच्या फळीत मधोमध उभ्या गड्याला, इंग्रज लोक "सेंटर-हाफ" म्हणतात. हाफ म्हणजे मधला ना? मग तो मागे कसा?

पूर्वी तो मधलाच होता. तेव्हाच्या ऑफसाइडच्या नियमात पास निघताना पुढच्या खेळाडू आणि गोलच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन गडी (गोलकीपर धरून) असावे लागत. 1925 मध्ये तिनाचे दोन केले आणि गोलांचा पाऊस पडायला लागला. मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधल्या हाफला ओढून दोन बॅकच्या मधोमध उभा केला. जागा बदलली, नाव तेच राहिलं.

दुसरा मोठा बदल 1992 चा. आपल्याच गड्यानं पायानं दिलेला पास गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. त्याआधी बॅक लोक अडचणीत आले की बॉल मागे देऊन मोकळे व्हायचे. त्यानंतर "मला फक्त बॉल मारता येतो" म्हणणाऱ्या बॅकचे दिवस संपले. आमच्या मैदानावर ते अजून संपायचे आहेत.

सगळ्यात मोठा बचावपटू कोण?

या प्रश्नावर चहाच्या टपरीवर दोन तास जातात. मी तीन नावं घेतो, आणि शेवटी एकाच्या बाजूनं बसतो.

फ्रान्झ बेकेनबाउर, जर्मनी. स्टॉपरच्याही मागे मोकळा फिरणारा जो गडी असतो, लिबेरो, त्याचं काम आधी झाडलोट करण्याचं होतं. बेकेनबाउरनं तिथून बॉल घेऊन छाती काढून पुढे जायला सुरुवात केली आणि संघाचा कारभारीच मागे बसायला लागला. 1974 मध्ये कप्तान म्हणून वर्ल्ड कप, 1990 मध्ये प्रशिक्षक म्हणून वर्ल्ड कप. बायर्न म्युनिककडून 1974, 75, 76 असे सलग तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा). पण पोरांना मी सांगतो ती 1970 च्या वर्ल्ड कपची इटलीविरुद्धची सेमीफायनल. खांदा निखळला, बदली खेळाडू संपलेले, तर हात गळ्यात बांधून शेवटपर्यंत खेळला. जर्मनी 4-3 हरली. तो 2024 च्या जानेवारीत गेला.

पावलो माल्दिनी, इटली. 20 जानेवारी 1985 ला सोळा वर्षांचा असताना मिलानकडून उतरला आणि 2009 ला थांबला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. क्लब एकच, सामने 902. उजव्या पायाचा माणूस, पण बहुतेक आयुष्य डाव्या बाजूला काढलं. त्याचा बाप चेझारे 1963 मध्ये मिलानचा कप्तान म्हणून युरोपियन कप उचलून गेला होता. बरोबर चाळीस वर्षांनी, 2003 मध्ये, तोच कप पोरानं कप्तान म्हणून उचलला. असे कप त्याच्या वाट्याला पाच आले, वर्ल्ड कप मात्र एकही नाही. 1994 ला पेनल्टीवर गेला, आणि 2006 ला इटली जिंकली तेव्हा हा देशासाठी खेळणं सोडून बसलेला.

तिसरा फ्रँको बरेसी, त्याच मिलानचा. इंटर मिलाननं त्याच्या भावाला घेतलं आणि ह्याला बारका म्हणून नको म्हटलं. मिलान दोनदा खालच्या श्रेणीत घसरलं, तरी हा क्लब सोडून गेला नाही. त्याच्यानंतर 6 नंबरची जर्सी क्लबनं कोणालाच दिली नाही.

माझं मत बरेसीला. बेकेनबाउर बघितला की आपण बेकेनबाउर व्हावं वाटतं, आणि ते होत नाही. बरेसी बघितला की आपल्या जागी नीट उभं राहावं वाटतं. ते होऊ शकतं.

"टॅकल म्हणजे पाय घालायचा ना, काकाजी?"

नाही! हे उत्तर मी ओरडूनच देतो.

7 जून 1970, वर्ल्ड कप, मेक्सिकोतलं ग्वादालाहारा, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. जैरझिन्हो बॉल घेऊन सुसाट सुटलाय. समोर इंग्लंडचा कप्तान बॉबी मूर. मूर मागे मागे सरकतो. पेनल्टीची हद्द आली तरी पाय घालत नाही, आपल्याला बघतानाही घाम फुटतो. एका पावलापुरता बॉल जैरझिन्होच्या पायापासून सुटतो, आणि त्या एका पावलात मूर खाली जाऊन बॉल काढतो, फाउल नाही, धक्का नाही. लगेच उठतो आणि बॉल पुढे घेऊन चालायला लागतो. इंग्लंड तो सामना 1-0 हरलं. गोल जैरझिन्होचाच होता. तरी पन्नास-पंचावन्न वर्षांनी लोक तो टॅकल बघतात. (गंमत म्हणजे वर सांगितलेला काफू त्याच दिवशी जन्मला.)

हे आपल्या पोरांना कबड्डीतून पटकन समजतं. कोपऱ्यातला गडी रेडर आला आला म्हणून झेप घेतो का? घेतली की गेला. रेडरचं वजन एका पायावर येईपर्यंत, त्याची पाठ वळेपर्यंत तो थांबतो, आणि मग घोटा धरतो. बॅकचं तेच. मी पोरांना पहिला महिनाभर पाय घालूच देत नाही. हात मागे बांधायचे आणि नुसतं समोर राहायचं, तिरकं, एक पाय पुढे. रडतात, पण शिकतात.

मूरची अजून एक गोष्ट. 1966 च्या वर्ल्ड कप फायनलच्या शेवटच्या मिनिटात इंग्लंड 3-2 नं पुढे, सगळे ओरडतायत की बॉल बाहेर फेक. ह्यानं बॉल छातीवर घेतला, मान वर केली आणि लांब पास दिला. त्यावर जेफ हर्स्टनं चौथा गोल केला. नंतर राणीकडून कप घ्यायला वर चढताना ह्याला तिचे पांढरे हातमोजे दिसले, तर आपले चिखलाचे हात तिथल्या मखमलीला पुसून मगच हात पुढे केला. पोळ्याच्या दिवसांत काळ्या मातीत खेळून तसेच हात घेऊन माझ्या दुकानात येणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

उंची कमी आहे. स्टॉपर होता येईल का?

फाबियो कन्नावारो, नेपल्सचा, सुमारे पाच फूट नऊ इंच. 1990 मध्ये आपल्याच गावच्या मैदानावर वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला हा सीमेवर बॉल उचलून देणारा पोरगा होता. 2006 मध्ये तोच इटलीचा कप्तान, आणि फायनल हा त्याचा देशासाठी शंभरावा सामना. त्या अख्ख्या स्पर्धेत इटलीवर गोल झाले दोन: एक स्वतःच्याच गड्याचा, दुसरा फायनलला फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी.

जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलचे शेवटचे क्षण शोधून बघा. बॉल उडून येतो, हा उंच उड्या मारणाऱ्यांच्या गर्दीत डोकं घालतो. बॉल पुढे पडतो, तर तिथेही हाच आधी पोचतो. तिथून निघालेल्या बॉलवर देल पिएरोचा गोल होतो. उडी म्हणाल तर त्याच्यापेक्षा उंच मारणारे खूप होते. हा अर्धा सेकंद आधी मारायचा.

बॅक लोकांना मोठे पुरस्कार का मिळत नाहीत?

मिळतात, पण दुष्काळात पाऊस पडावा तसे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा युरोपचा पुरस्कार, बॅलन डी'ओर, 1956 पासून आहे. आजवर तो तीनच बचावपटूंना मिळाला: बेकेनबाउर (1972 आणि 1976), माथियास झामर (1996), कन्नावारो (2006). व्हॅन डाइक 2019 ला दुसरा आला.

बॅकनं गोल करायचेच नाहीत का?

करा ना! इंटरचा फाकेत्ती साठच्या दशकात डावा बॅक असून पुढे धावत सुटायचा. 1970 च्या वर्ल्ड कप फायनलचा शेवटचा, सगळ्यात देखणा गोल ब्राझीलच्या कार्लोस आल्बेर्तोचा, जो उजवा बॅक आणि कप्तान होता. हॉलंडच्या कूमननं बार्सिलोनाला 1992 ची युरोपियन कप फायनल फ्री किकवर जिंकून दिली. स्पेनच्या रामोसनं त्याच स्पर्धेच्या 2014 च्या फायनलला 93 व्या मिनिटाला हेडर मारून रेआल माद्रिदला वाचवलं.

माझा लाडका मात्र फ्रान्सचा लिलियान थुराम. 1998 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, क्रोएशियानं गोल केला, आणि हाच मागे राहिला म्हणून गोल मारणारा ऑफसाइड ठरला नव्हता. पुढच्या पंचवीसेक मिनिटांत ह्यानंच दोन गोल मारले, फ्रान्स 2-1 नं जिंकलं. फ्रान्ससाठी 142 सामने, देशासाठी गोल तेवढे दोनच. उसनवारी एका दिवसात फेडून मोकळा!

माझ्या चुकीनं मॅच गेली. आता मी खेळणार नाही.

बस इथं.

माझाही स्वयंगोल आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मॅच, शेजारच्या गावाशी, मैदानात घोट्याएवढा चिखल. क्रॉस आला, मी अडवायला गुडघा घातला, बॉल गुडघ्याला लागून आपल्याच जाळ्यात. आमच्याकडे तेव्हा जाळं म्हणजे मच्छरदाणी होती, तीही फाटली. पुढची दोन वर्षं पारावर मला "मच्छरदाणी" म्हणत. आता मी हसतो, तेव्हा नाही हसलो.

बरेसीचं बघा. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्याच सामन्यात गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि साडेतीन आठवड्यांच्या आत चौतीस वर्षांचा हा माणूस फायनलला उभा. ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेतो समोर, 120 मिनिटं, एकही गोल होऊ दिला नाही. मग पेनल्टी आल्या, पहिली त्यानंच घेतली आणि बॉल वरून गेला. मैदानातच रडला. लोकांना त्याच्याच संघातल्या बाज्जोची हुकलेली शेवटची पेनल्टी आठवते, बरेसीची नाही. बॅकची चूकसुद्धा दुसऱ्याच्या नावावर गेली, हे त्याचं नशीब म्हणा.

आणि त्याच स्पर्धेत कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार. 22 जूनला अमेरिकेविरुद्ध क्रॉस अडवायला पाय लांबवला, बॉल आपल्याच गोलमध्ये. दहा दिवसांनी, 2 जुलैला, मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा होता. हे मी लहान पोरांना सांगत नाही. त्यांच्या बापांना सांगतो, मॅच हरल्यावर मैदानाच्या कडेला उभं राहून जे पोराला शिव्या देतात त्यांना.

आपल्या भारतात असा कोणी झाला का?

दोघांची नावं पाठ करा.

शैलेन मन्ना. मोहन बागानमध्ये जवळपास दोन दशकं खेळले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक गडी अनवाणी होते. फ्रान्सकडून 2-1 हरलो, दोन पेनल्टी वाया गेल्या, त्यातली एक मन्नांची. तीनच वर्षांनी, 1951 च्या पहिल्या एशियाड स्पर्धेत, दिल्लीला, तेच कप्तान होते आणि आपण इराणला 1-0 हरवून सोनं घेतलं. बूट नाहीत म्हणून घरी बसणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. पण बूट मिळाले तर घालावेत, आमच्या मैदानात बाभळीचे काटे आहेत.

जर्नेल सिंग, पंजाबचा स्टॉपर. 1962, जकार्ता एशियाड. थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय केलं, तर जखमी स्टॉपरला घरी पाठवायच्या ऐवजी फॉरवर्ड केला. सेमीफायनलमध्ये त्यानं गोल केला, फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्धही केला. आपण 2-1 नं जिंकलो. फुटबॉलमधलं आपलं एशियाडचं ते शेवटचं सोनं.

विदर्भात म्हणाल तर फुटबॉल कामठीत जुना आहे, आणि नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांसाठी उभा केला. आमच्याकडे तो उशिरा आला, क्रिकेट आणि कबड्डीतून उरलेल्या जागेत.

"भाऊजी, पोरीनं मांगं खेळलं तर कसं होईन? तिले लागन."

लागेल, पोरांनाही लागतं. ताईंनो, वेंडी रनारबद्दल ऐका. मार्टिनिक नावाच्या लहानशा बेटावरची, आठ वर्षांची असताना वडील गेले. फ्रान्सच्या राष्ट्रीय प्रबोधिनीनं चाचणीत नाकारली, मग लिऑन क्लबनं घेतली, तेव्हा सोळा वर्षांची होती. सहा फुटांहून उंच, आणि लिऑनबरोबर आठ वेळा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली. आपल्याकडे मणिपूरची आशालता देवी भारताची कप्तान झाली, तीही बचावपटूच.

इंग्लंडची ल्युसी ब्राँझ 2025 च्या युरो स्पर्धेत नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली आणि जिंकली. कौतुक आहे, पण आमच्या मैदानावर ते चालणार नाही. पाय दुखतोय म्हटलं की बाहेर.

मोठं आजारपण आलं, तर खेळ संपला का?

ब्राझीलचा थियागो सिल्वा 2005 मध्ये मॉस्कोत टीबीनं आजारी पडला, कित्येक महिने दवाखान्यात होता. खेळ सोडायच्या बेतात होता. पुढे ब्राझीलचा कप्तान झाला, 2021 मध्ये चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला, आणि 38 व्या वर्षी वर्ल्ड कप खेळला. आपल्याकडे टीबीचं नाव घरात कुजबुजत घेतात. औषधाचा कोर्स पूर्ण करा, अर्धवट सोडू नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात पाऊल टाकू नका. मी ठेवलेली जागा कुठं जात नाही.

हेडर मारून डोक्याला काही होतं का?

होऊ शकतं, हे मी लपवणार नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. स्मृतिभ्रंशासारखे मेंदूचे आजार त्यांच्यात सामान्य माणसांपेक्षा साडेतीन पट दिसले. 2021 मध्ये जागेनुसार पाहिलं तर बचावपटूंमध्ये धोका सर्वांत जास्त, सुमारे पाचपट, आणि गोलकीपरमध्ये जवळपास सामान्यांइतकाच. हे आयुष्यभर रोज हेडर मारणाऱ्या व्यावसायिकांचं आहे. तरी आमचा नियम: बारा वर्षांखालच्यांनी हेडर मारायचा नाही. त्यावरच्यांनी आठवड्यातून एकदा, दहा-बारा वेळा, आणि आधी हलक्या प्लास्टिकच्या बॉलवर.

यात पोट भरतं का?

व्हॅन डाइकला 2018 मध्ये लिव्हरपूलनं साडेसात कोटी पौंडांना घेतलं. आमच्या तालुक्यातून असा कोणी निघाला नाही, आणि निघेल असं खोटं सांगून मी कोणाचं पोरगं शाळेतून काढणार नाही. पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्याला ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. म्हणून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, जिथवर जाल तिथलं प्रमाणपत्र मागून घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आमच्या एका पोराचं प्रमाणपत्र हातात पडायला दोन पावसाळे गेले, आणि आल्यावर नावच चुकलेलं.

बॅकचा एक फायदा आहे. पाय मंदावले तरी डोळा तरबेज होत जातो, म्हणून स्टॉपर पस्तिशीपर्यंत सहज टिकतो. विंगवर पळणाऱ्याचं तसं नसतं.

सराव कधी असतो?

सोमवार ते शनिवार, पाच ते साडेसहा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, घरी हात लागतात, तेव्हा फक्त रविवारी सकाळी सात वाजता. ज्यांची जागल आहे त्यांनी सकाळी येऊ नये, झोपावं. नवीन बॅकनं येताना एक जुना दुपट्टा आणावा, हात मागे बांधायला.